ताईचा मागचा कान

माझे भाऊजी, म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीचे यजमान, फार थोर गृहस्थ आहेत असं जगभरातल्या बऱ्याच लोकांना वाटतं. त्यांच्यापैकी कोणीही त्यांच्या घरी राहिलेलं नाही. मी राहिले आहे. माझ्या घराला रंग लागत होता म्हणून पंधरा दिवसांसाठी गेले होते आणि आठव्या दिवशी, ओला रंग परवडला, म्हणून परत आले.

भाऊजी लिंकर सांभाळतात. लिंकर म्हणजे काय हे त्यांनी मला आजवर अनेकदा समजावलंय, दर वेळी मी विचारलेलं नसताना. माणसाने लिहिलेला प्रोग्राम कंपायलर नावाचं साधन यंत्राच्या भाषेत आणतं, पण तो तुकड्यातुकड्यांत. या तुकड्याला त्या तुकड्याची गरज आहे एवढंच त्यात लिहिलेलं असतं. तो दुसरा तुकडा कुठे राहतो याचा पत्ता नसतो. लिंकर सगळे तुकडे गोळा करतो, प्रत्येकाला जागा देतो आणि कोणी कोणाला कुठे शोधायचं ते पक्कं करून टाकतो. मग तो प्रोग्राम चालतो. भाऊजींचा लिंकर फुकट आहे, उघडा आहे, कोणीही घ्यावा, कोणीही वाचावा. बदल मात्र भाऊजी हो म्हणतील तोच होतो, आणि भाऊजी हो म्हणत नाहीत.

मीही याच धंद्यातली आहे, पण खालच्या पंगतीतली. मी टेस्टर आहे. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या खोड्या काढण्याचा मला पगार मिळतो. भाऊजींच्या लेखी टेस्टर म्हणजे ज्याला लिहिता येत नाही असा प्रोग्रामर. ते मला "मेहुणीबाई" म्हणतात, आणि त्या "बाई"मध्ये एवढी कीव भरलेली असते की ऐकताना दात आंबतात.

पोटापुरतं ते एका विमा कंपनीच्या संगणक विभागात अर्धवेळ जातात. उरलेला सगळा वेळ त्यांच्या खोलीत. घराचं दार उघडलं की समोर बोळकंडी, तिच्या एका बाजूला स्वयंपाकघर आणि बरोबर समोर ही खोली. टेबल भिंतीला लावलेलं, त्यावर दोन मोठे पडदे, खाली घुमणारी तीन यंत्रं, आणि बसून बसून मधोमध खड्डा पडलेली खुर्ची. खुर्चीची पाठ दाराकडे. त्यामुळे या घरात येणाऱ्याची ओळख आधी भाऊजींच्या टकलाशी होते, चेहऱ्याशी जमलं तर नंतर. ताईशी ते जे काही बोलतात ते पडद्याकडे बघत. "चहा." "पाकीट आलं का?" "कोण होतं?" शब्द आधी भिंतीवर आदळायचे आणि तिथून उलटे फिरून स्वयंपाकघरात पोचायचे. ताईचा सगळा संसार असा भिंतीवरून आलेल्या आवाजावर झाला.

ताईला तरुणपणीच कमी ऐकू यायला लागलं. ती एका मोठ्या कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करते, आणि करते म्हणजे नुसती उभी राहत नाही; मोठ्या चुलीचं काम तिच्याकडे आहे. गुडघ्याएवढी पातेली, कढत पाणी, चार माणसं एकमेकांच्या पाठीला पाठ लावून कामाला. तिथला एक नियम आहे. हातात काही तापलेलं घेऊन कोणाच्या मागून जायचं असेल तर "मागे गरम!" असं ओरडायचं. ऐकणाऱ्याने वळून बघायचं नाही, कारण वळलं की कोपर लागतं. जागच्या जागी चुलीकडे सरकायचं, बस. सगळं स्वयंपाकघर या दोन शब्दांवर चालतं, आणि ताईच्या कानामागच्या यंत्राला दोन मायक्रोफोन होते म्हणून ताईही त्यावर चालत होती. एक मायक्रोफोन पुढचं ऐकायचा, दुसरा मागचं. तिचं ते यंत्र मला भाऊजींपेक्षा कितीतरी कामाचं वाटायचं, आणि एकदा मी तसं तोंडावर म्हटलंही होतं. त्यांना वाटलं मी विनोद केला.

आता भाऊजींचा पराक्रम सांगते.

लिंकरमध्ये एक सोय असते, झाडलोटीची. प्रोग्राम जिथे सुरू होतो तिथून निघायचं, कोणता तुकडा कोणाला बोलावतो ते बघत जायचं, आणि ज्याला कोणीच बोलावत नाही तो अडगळ समजून फेकून द्यायचा. कल्पना चांगलीच आहे, माझी तक्रार नाही. पण बारक्या यंत्रांमध्ये काही तुकडे असे असतात की त्यांना प्रोग्राममधलं कोणीच बोलावत नाही. बाहेरून काही घडलं, बटण दाबलं, मायक्रोफोनवर आवाज आला, की यंत्र थेट त्यांच्या दारावर थाप मारतं. कागदावर बघाल तर त्यांना कोणी विचारत नाही, आणि काम तर त्यांच्यावाचून अडतं. लिंकरमध्ये या तुकड्यांना हात लावू नये असा एक जुना नियम होता. भाऊजींच्या आधी जो सांभाळायचा त्याने तो घातला होता, आणि का घातला ते लिहून ठेवलं नव्हतं.

भाऊजींनी तो वाचला, नाक मुरडलं आणि काढून टाकला. मी तेव्हा तिथेच चहा पीत बसले होते. "हे इथे कशाला आहे हे कोणालाच सांगता येत नाही," ते भिंतीला म्हणाले, "म्हणजे ते नकोच आहे."

"पण तपासलंत का?" मी विचारलं. धंद्याची सवय.

"मेहुणीबाई, लिंकर लिंकरनेच जोडून बघितला. तो नव्याने पुन्हा जोडून बघितला. दोन्ही तंतोतंत सारखे. यापेक्षा मोठी परीक्षा नाही."

ही या लोकांची लाडकी परीक्षा. कंपायलरवाले कंपायलरने कंपायलर बनवतात, लिंकरवाले लिंकरने लिंकर जोडतात, आणि उत्तर आधीसारखंच आलं की एकमेकांची पाठ थोपटतात. त्यात वाईट काही नाही, फक्त एवढंच की लिंकरला मायक्रोफोन नसतो, बटण नसतं, त्याच्या दारावर बाहेरून कोणी थाप मारत नाही. तसले तुकडे त्याच्यात मुळातच नव्हते, तर ते गेल्याचं कळणार कसं? भाऊजींनी स्वतःला स्वतःशी ताडून बघितलं आणि पैकीच्या पैकी गुण दिले. हे ते लग्न झाल्यापासून करत आले आहेत, म्हणून मला नवल वाटलं नाही. मी कप विसळून ठेवला आणि घरी गेले.

श्रवणयंत्र बनवणारी कंपनी भाऊजींचाच लिंकर वापरते हे तेव्हा आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. कंपनीने नवा लिंकर घेतला, यंत्रातला प्रोग्राम नव्याने जोडला आणि सगळ्या गिऱ्हाइकांच्या यंत्रांत भरला. त्यांच्या टेस्टरने यंत्रासमोर स्पीकर ठेवला, आवाज येतोय असं बघितलं आणि सही ठोकली. समोर! मी त्या जमातीला चांगली ओळखते, मीही त्यातलीच आहे, आणि तरी मला त्या माणसाच्या मुस्काटात द्यावीशी वाटते. मागे ठेवून बघायला त्याचं काय जात होतं?

ताईचा मागचा कान असा गेला. तिला आधी कळलंच नाही. समोरचं सगळं छान ऐकू येत होतं. उलट घर जरा शांत झालं, बरं वाटलं, असं ती म्हणाली. मग एके दिवशी कँटीनमध्ये कोणीतरी "मागे गरम!" म्हणालं आणि ताई सरकली नाही. कढत पाणी खांद्यापासून मनगटापर्यंत सांडलं. मी दवाखान्यात गेले तेव्हा तिचा हात कापसात गुंडाळलेला होता आणि भाऊजी तिच्या मागे उभे राहून मोबाइलवर काहीतरी टाइप करत होते. "लक्ष कुठे असतं हिचं!" एवढं ते मला म्हणाले. आणि तेही ताईच्या पाठीमागून, त्यामुळे तिला ऐकू आलं नाही. ते मात्र बरं झालं.

कँटीनच्या मॅनेजरीणबाई वाईट नाहीत. हात बरा झाल्यावर त्यांनी ताईला समोर बसवून सांगितलं, की बाई, तू वीस जणांच्या मध्ये उभी असतेस, उद्या तुझ्यामुळे दुसरं कोणी भाजलं तर मी काय तोंड दाखवू? सुरक्षेची पाहणी व्हायच्या आत कानाचं बघ. नाहीतर चूल सोड आणि भाजी चिरायच्या खोलीत बस. भाजीच्या खोलीत वाईट काय, असं कोणी विचारेल. ताईने विसाव्या वर्षी तिथूनच सुरुवात केली होती आणि चुलीपर्यंत पोचायला तिची उमर गेली होती. माझ्याशी बोलताना ती रडली. ती सहसा रडत नाही.

ती यंत्रवाल्याकडे गेली. तो बिचारा सज्जन, त्याने कंपनीत विचारून घेतलं. खालच्या कोणीतरी त्याला गुपचूप सांगितलं की नव्या लिंकरने काहीतरी उडवलंय, पण साहेब लोक मान्य करत नाहीत, आणि लिंकरवाल्यांना कळवायचं म्हणजे आपलं चुकलं असं उघड्यावर लिहायचं, ते कोण करणार. जुना प्रोग्राम परत भरायची सोय यंत्रात नव्हती. फुकटचं घ्यायला ही कंपनी पुढे, आणि एक ओळ कळवायची वेळ आली की तोंडात मिठाची गुळणी. असल्या लोकांबद्दल जास्त लिहून शाई कशाला घालवायची.

लिंकर हा शब्द ताईला यंत्रवाल्याकडून नव्याने कळायचा नव्हता. घरी येऊन ती खोलीच्या दारात उभी राहिली आणि टकलाला म्हणाली, "अहो, यंत्रवाला म्हणतो, नव्या लिंकरमुळे झालंय."

"हं," भाऊजी म्हणाले.

"तुमच्या."

"यंत्रवाल्याला काय कळतंय." पुढेही काही बोलले असतील, पण ती तोवर वळली होती, आणि मागचं तिला ऐकू येत नव्हतं.

यंत्रवाल्याचं आणि लिंकरचं हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच माहीत होतं की ताईचं यंत्र बिघडलंय आणि भाऊजींना काडीचं सुखदुःख नाही.

रविवारी दुपारी ताईने मला जेवायला बोलावलं. भाऊजींकडे एक पाहुणा येणार होता. तो एका मोठ्या कंपनीतला मोठा साहेब, भाऊजींनी त्यांच्याकडे येऊन भाषण द्यावं म्हणून गळ घालायला आलेला. चाळीशीचा, गुळगुळीत, आणि भाऊजी घास घ्यायला थांबले की तेवढ्यात स्तुतीचा एक चमचा वाढणारा. ताई माझ्या शेजारी, भाऊजींच्या बरोबर समोर बसली होती. जेवायचं टेबल ही त्या घरातली एकच जागा, जिथे भाऊजींचं तोंड माणसांकडे असतं.

बोलता बोलता विषय निघाला मूर्ख तक्रारींचा. लिंकरमध्ये दोष सापडला तर कोणीही तो सगळ्यांना दिसेल असा नोंदवू शकतो, आणि भाऊजी प्रत्येक नोंदीला उत्तर देतात. बायकोला देणार नाहीत, पण परक्या माणसाला न्याहारीच्या आत देतात. त्यांची उत्तरं म्हणे लोक जपून ठेवतात, इतकी ती खोचक असतात. पाहुण्याने "एखादा ताजा नमुना होऊन जाऊ द्या" म्हटल्यावर भाऊजींनी हात पुसले, मोबाइल काढला आणि घसा साफ केला.

"ऐका. 'मी साधी बाई आहे. माझ्या कानाच्या यंत्राला मागचं ऐकू येत नाही. नवीन लिंकरने त्यातलं काहीतरी काढून टाकलं असं दुरुस्तीवाला म्हणतो. काढलं असेल तर कृपया परत ठेवा. मला कामावर फार गरज आहे.'"

पाहुणा आधीच खिदळायला लागला होता. "मग? तुम्ही काय लिहिलंत?"

"'लिंकरला कान नसतात. हा दोष नाही. पुस्तिका वाचा.' आणि बंद केली तक्रार."

पाहुण्याने टेबलावर थाप मारली. "लिंकरला कान नसतात! वा! हे मी भाषणाच्या जाहिरातीवर छापतो."

ताई पाहुण्याच्या ताटात वाढत होती. वाढून झाल्यावर तिने डाव भांड्यात ठेवला.

"वाचली मी पुस्तिका," ती म्हणाली. "त्यात नाही सापडलं."

"कुठली पुस्तिका?" भाऊजींनी विचारलं.

"तीच. तुमची."

एवढंच बोलून ती पाणी आणायला उठली. मी भाऊजींकडे बघत राहिले. ते मोबाइलकडे बघत होते, मग ताईच्या रिकाम्या खुर्चीकडे, मग परत मोबाइलकडे. खरं सांगते, मला त्यांची जराही दया आली नाही. मी आणखी थोडा भात मागून घेतला.

"मला घरी सांगायचं ना!" शेवटी ते ओरडले. पण ताई तोवर पाठमोरी होती.

त्याच दुपारी भाऊजींनी तो जुना नियम परत घातला. काम ते किती? एखाददोन ओळींचं. पण त्यासोबत जी टीप लिहितात, ती मी उघडून वाचली. "काही यंत्रनिर्माते चुकीच्या पद्धतीने प्रोग्राम लिहितात, त्यांच्या सोयीसाठी जुनं वर्तन पुन्हा उपलब्ध." म्हणजे चूक यंत्रवाल्यांची, सोय लोकांची, उपकार यांचे. ताईबद्दल एक अवाक्षर नाही. भाजलेला हात कोणाचा होता, तक्रार कोणी केली, काही नाही. खाली कौतुकाच्या ओळींची रांग लागली होती. किती मोठं मन, एका साध्या बाईसाठी वेळ काढला, वगैरे वगैरे. मी एकेकाच्या नावाने बोटं मोडली.

आता कंपनीलाही लाज वाटली, किंवा भीती वाटली असेल. दोन्हींत त्यांना फरक कळत नसावा. त्यांनी प्रोग्राम नव्याने जोडून दिला. पाहणीच्या आदल्या आठवड्यात यंत्रवाल्याने तो ताईच्या यंत्रात भरला आणि मी तिला घेऊन थेट कँटीनमध्ये गेले.

मॅनेजरीणबाईंनी ताईला चुलीसमोर उभं केलं आणि स्वतः हातात कोमट पाण्याचं पातेलं घेतलं. सगळं स्वयंपाकघर कामं सोडून बघत होतं. ताईने कावीळ झाल्यासारखे पिवळे पडलेले आपले जुने हातमोजे चढवले आणि रिकाम्या भांड्यात उलथणं फिरवत राहिली. बाई दबक्या पावलांनी मागून निघाल्या आणि नेहमीपेक्षा हळू म्हणाल्या, "मागे गरम."

ताई वळली नाही. चुलीकडे सरकली.

बाईंनी पातेलं खाली ठेवलं. "पाहणीच्या दिवशी मोठं पातेलं तुझ्याकडे," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या. ताईने उलथणं धुऊन खुंटीला लावलं. परत येताना ती रस्ताभर बडबडत होती. मागून येणारी सायकल, कोणाचं तरी पोर, दुकानाचं शटर, सगळ्यांना ती न वळता ओळखून दाखवत होती.

मला वाटलं, प्रकरण संपलं. पण महिनाभराने कामावर बसले असताना सहज म्हणून ती तक्रार उघडली, तर ती पुन्हा चालू झालेली. भाऊजींनी स्वतःच उघडली होती! खाली लिहिलं होतं, "घरच्या यंत्रावर दोष अजून दिसतो. मागून हाक मारली असता प्रतिसाद नाही. कारण सापडत नाही." त्याखाली जगभरातले पंडित जमले होते. तो गुळगुळीत पाहुणाही होता. कोणी म्हणे लिंकरच्या झाडलोटीत अजून गफलत आहे, कोणी कंपायलरवर खापर फोडत होतं, कोणी हवेतल्या दमटपणाचा मुद्दा काढला. भाऊजींनी नियम पाच तऱ्हांनी लिहून बघितला होता. त्या घरातल्या एका बाईला ऐकू येतं की नाही यावर इतकी डोकी खपत होती, आणि तिला विचारण्याचं एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मी घाबरून संध्याकाळीच गेले. दार उघडं होतं. भाऊजी टकलानिशी जागेवर. पायरव ऐकून भिंतीला म्हणाले, "मेहुणीबाई का? तुम्ही टेस्टर ना? बघा जरा, काय होतंय ते. इतक्या वेळा तपासलं, सगळं बरोबर येतं, आणि हिला हाक मारली तर ढिम्म."

मी स्वयंपाकघरात गेले. ताई ओट्याशी उभी होती, माझ्याकडे पाठ. मी दारातूनच, अगदी स्वतःलाही जेमतेम ऐकू येईल असं पुटपुटले, "ऐकू येतं का गं?"

"येतं," ती न वळता म्हणाली. "आणि ओल्या चपला बाहेर काढ, आत्ता फरशी पुसलीय."

मी चपला काढून परत आले. "अगं मग त्यांना सांग ना. सगळ्या दुनियेला कामाला लावलंय त्यांनी."

"विचारू देत की," ताई म्हणाली. "इथे येऊन, समोर उभं राहून विचारू देत. मी कुठे नाही म्हणतेय सांगायला?"

तेवढ्यात खोलीतून आवाज आला. "ऐकू येतंय का?" खुर्चीतूनच, पडद्याकडे तोंड करून. थोडं थांबून पुन्हा, जरा मोठ्याने, "अगं, ऐकू येतंय का?"

ताईने गॅस बारीक केला आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. पलीकडे कीबोर्डचा खडखडाट सुरू झाला. ती तक्रार अजून चालू आहे.